नसबंदीनंतर कुत्र्याचा स्वभाव बदलतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाद्रपद लागला की कुत्रेवाल्या घरांत एकच विषय. एरवी दाराची बेल वाजली तरी मान न उचलणारा टायगर कुंपणावरून उडी टाकून पसार होतो. परत आला की जेवत नाही, रात्रभर गेटाकडे तोंड करून रडतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "ऑपरेशन करून टाकू, शांत होईल." कुत्रा पाळणाऱ्यांना वागणुकीबद्दल सल्ला देताना हे प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. तब्येतीचा भाग तुमच्या पशुवैद्यांशी बोलून ठरवा. इथं भर वागणुकीवर आहे.

नसबंदीत नेमकं काय काढतात?

नराचे दोन्ही वृषण, आणि मादीची दोन्ही अंडाशयं, बहुतेक वेळा गर्भाशयासकट. माणसांच्या नसबंदीत नळी बंद करतात, ग्रंथी जागेवर राहतात आणि हार्मोन्स पूर्वीसारखीच तयार होतात. कुत्र्यात ग्रंथीच जाते. त्यामुळे पिल्लं होणं तर थांबतंच, शिवाय नराच्या टेस्टोस्टेरॉनचा आणि मादीच्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचा मुख्य पुरवठा बंद पडतो. वागणुकीत जो काही फरक दिसतो तो त्यामुळे. नराची नुसती नळी बंद केली तर पिल्लं होणार नाहीत, पण भाद्रपदातल्या उड्या चालूच राहतील.

मग कुत्रा शांत होतो की नाही?

गावाकडचा माणूस हे विचारतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर खोंड असतो. खोंड खच्ची केला की त्याचा बैल होतो, औताला धरता येतो. कुत्र्याचं गणित इतकं सरळ नाही.

आपण ज्याला सरसकट "मस्ती" म्हणतो त्यात निदान चार गोष्टी मिसळलेल्या असतात: माजावरच्या मादीचा नाद, भीती, लागलेली सवय आणि फिरायला न नेल्यामुळे अंगात साचलेली ताकद. ऑपरेशन यातल्या पहिलीवर थेट काम करतं. लागलेल्या सवयीला थोडाफार आळा बसू शकतो. भीतीला आणि साचलेल्या ताकदीला ते हात लावत नाही.

आणखी एक. नराचा मेंदू "नर" म्हणून घडायला सुरुवात होते ती जन्माच्या आसपासच. त्यामुळे पुढे वृषण काढले तरी तो पाय वर करूनच मुतणार, खांब हुंगणार. त्याची मादी होत नाही, आणि तो "कुत्रा राहिला नाही" असंही होत नाही.

नरामध्ये खात्रीनं काय कमी होतं?

भटकणं. हे सगळ्यात आधी सांगते, कारण इथं फरक सर्वात ठळक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी १९७६ मध्ये प्रौढ वयात नसबंदी झालेल्या नरांचा अभ्यास केला. घर सोडून भटकणं सुमारे ९० टक्के कुत्र्यांत कमी झालं. दुसऱ्या नरांशी होणाऱ्या मारामाऱ्या आणि लोकांच्या किंवा उशांच्या अंगावर चढणं साधारण ६० ते ७० टक्क्यांत कमी झालं. घरात सोफ्याच्या कोपऱ्यावर, पडद्यावर मुतून खुणा करणं निम्म्यांत कमी झालं.

तिथंच १९९७ मध्ये पुन्हा पाहिलं गेलं. भटकणं, चढणं आणि खुणा करणं या तिन्हींत बऱ्याच कुत्र्यांचा त्रास निम्म्याहून जास्त उतरला, पण पूर्ण बंद झाला असे कुत्रे कमी. या अभ्यासातली मला सर्वात उपयोगी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: कुत्र्याचं वय किती आणि खोड किती जुनी, यावर निकाल अवलंबून नव्हता. म्हणजे "आता पाच वर्षांचा झाला, आता काय उपयोग" हे म्हणणं खरं नाही. पाच वर्षांचा भटक्याही सुधारू शकतो.

किती दिवसांत फरक दिसेल?

रक्तातलं टेस्टोस्टेरॉन काही तासांतच घसरतं. वागणुकीतला फरक मात्र सावकाश दिसतो, काही आठवडे ते काही महिने. टाके निघाले आणि कुत्रा तस्साच आहे म्हणून डॉक्टरांवर चिडू नका.

याच काळात आणखी एक भानगड होते. वीर्यनलिकेत आधीचे शुक्राणू काही आठवडे शिल्लक असतात. ऑपरेशननंतर निदान महिना-दीड महिना त्याला माजावरच्या मादीपासून लांब ठेवा, नाहीतर "ऑपरेशन करूनही पिल्लं झाली" ही तक्रार घेऊन याल.

आमचा कुत्रा येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतो, कुरिअरवाल्याला चावलासुद्धा. ऑपरेशन करू का?

करायचं तर अवश्य करा, पण या कारणासाठी नको.

अनोळखी माणसावर धावून जाणं, ताटलीजवळ कुणी आलं की गुरगुरणं, नखं कापताना दात लावणं यांचा उगम बहुतेक वेळा भीतीत, दुखण्यात किंवा राखण करण्याच्या वृत्तीत असतो. १९९७ च्या त्याच अभ्यासात घरच्या किंवा बाहेरच्या माणसांवरच्या आक्रमकतेत लक्षणीय सुधारणा झालेले कुत्रे एक तृतीयांशाहून कमी होते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेली सी-बार्क नावाची कुत्र्याच्या वागणुकीबद्दलची एक प्रश्नावली आहे. हजारो मालकांनी ती भरली आहे. त्या माहितीवरून २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात नसबंदी झालेले कुत्रे घरच्यांशी किंवा इतर कुत्र्यांशी कमी आक्रमक आहेत असं दिसलंच नाही. उलट ७ ते १२ महिन्यांच्या वयात ऑपरेशन झालेल्यांत अनोळखी माणसांवरची आक्रमकता किंचित जास्त आढळली. अर्थात असल्या पाहणीत एक गोम असते: कुत्रा आधीच त्रासदायक होता म्हणून त्याचं ऑपरेशन केलं गेलं, की ऑपरेशननंतर तो तसा झाला, हे नीट वेगळं करता येत नाही. तरीही "कापलं की चावणं थांबेल" या समजुतीला त्यात कुठंच आधार मिळत नाही.

चावणाऱ्या कुत्र्याची आधी तपासणी करून घ्या. कान, दात, कंबर, सांधे आणि गोचीड तापासाठी रक्त. हे सगळं ठीक निघालं तर वागणुकीचा जाणकार गाठा. आणि चावा कुणालाही बसला असेल तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे. तुमचा कुत्रा लसवंत असला तरी.

आमचा खूप भित्रा आहे. त्याचं करावं का?

थांबा. नराचं टेस्टोस्टेरॉन धिटाईला थोडा हातभार लावतं असं मानायला जागा आहे. नसबंदी झालेल्या नरांत आवाजाची, अनोळखी गोष्टींची भीती जास्त दिसते असं काही पाहण्यांत आलं आहे. फटाक्यांना पलंगाखाली घुसणारा कुत्रा ऑपरेशननं धीट होणार नाही. झालं तर उलट. अशा नराला पूर्ण वाढ होऊ द्या, आधी भीतीवर काम करा. आणि वेळ निवडताना दिवाळीच्या आसपासचे दिवस टाळा. अंगाला टाके, गळ्यात प्लास्टिकचा कोन आणि खाली लवंगी माळ, इतका छळ कुणाचाच करू नये.

भित्री मादी असेल तर निर्णय जास्त अवघड, कारण तिथं गर्भाशयाच्या आजाराचा धोकाही तोलावा लागतो.

मादीमध्ये काय बदलतं?

माज येत नाही, हा मुख्य बदल. पाळीव मादी साधारण दर सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि सुमारे तीन आठवडे घराचं वेळापत्रक बदलून टाकते. रक्ताचे डाग, चिडचिड, दार उघडं दिसलं की बाहेर झेप, गेटापाशी नरांची रांग. हे सगळं थांबतं. माजाच्या दिवसांत होणारी दुसऱ्या मादीशी भांडणंही थांबतात.

स्वभावानं मादी "गोड" होते का? तशी अपेक्षा ठेवू नका. वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्या आणि आधीपासूनच घरच्यांवर गुरगुरणाऱ्या माद्यांत हे गुरगुरणं नंतर वाढलेलं आढळलं आहे. तुमची पिल्लू-मादी ताटलीवरून, सोफ्यावरून आत्ताच दात दाखवत असेल, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

मोठ्या जातीच्या माद्यांत नंतर कधीतरी झोपेत नकळत लघवी होऊ शकते. लोक तिला ओरडतात. ती वागणूक नाही, मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो, आणि त्यावर औषध आहे.

कुत्री खेळण्यांना पिल्लासारखं जपतेय, जवळ गेलं की गुरगुरते. ऑपरेशन लगेच करून घेऊ?

लगेच नको.

एका लॅब्रॅडोर मादीला बघायला गेले होते. दिवाणाखाली तिनं चादर ओरबाडून गोल घरटं केलं होतं. मधोमध घरातल्या मुलाचा एक निळा मोजा आणि चेपलेलं रबरी बदक. बदकाच्या दिशेनं हात गेला की तिचा ओठ वर जायचा. स्तन भरलेले, एकाला दुधाचा थेंब लागलेला. घरच्यांचं म्हणणं, "ती अग्रेसिव्ह झालीय." कॅलेंडर काढायला सांगितलं, तर माज संपून दोन महिने होत आले होते. नर जवळपास फिरकलासुद्धा नव्हता.

ही खोटी गर्भधारणा. माजानंतर मादीचं प्रोजेस्टेरॉन पोटात पिल्लं असोत-नसोत तसंच चढतं आणि साधारण दोन महिन्यांनी उतरतं. ते उतरलं की प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढतं, दूध येतं, आईपण येतं. दोन-तीन आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरतं. फार त्रास असेल तर पशुवैद्य प्रोलॅक्टिन कमी करणारं औषध देतात. घरी करायचं ते एवढंच: दूध पिळून बघू नका, त्यानं ते वाढतं. बदक ओढून काढू नका, फिरायला न्या आणि ती बाहेर असताना उचला.

या अवस्थेत किंवा माजानंतर लगेच अंडाशयं काढली तर प्रोजेस्टेरॉन एकदम कोसळतं आणि हीच लक्षणं रेंगाळू शकतात. म्हणून माज संपल्यावर साधारण तीन महिने जाऊ द्यावेत आणि दूध पूर्ण आटलेलं असावं. "ऑपरेशननंतर कुत्री बिघडली" म्हणणाऱ्या घरांत मी पहिला प्रश्न तारखेचाच विचारते.

एक वेत होऊ द्यावं, मग ऑपरेशन करावं असं म्हणतात. त्यानं ती समजूतदार होते ना?

नाही. एक वेत झाल्यानं मादी शांत होते याला काही आधार नाही. होतं एवढंच की सात-आठ पिल्लं होतात, दोन ओळखीत जातात आणि उरलेल्यांसाठी तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकत बसता.

कोणत्या वयात करावं?

एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनचा सल्ला असा: मोठेपणी ज्यांचं वजन २० किलोच्या आत राहणार आहे अशा नरांचं सहाव्या महिन्याच्या सुमारास आणि माद्यांचं पहिल्या माजाआधी, पाच-सहा महिन्यांत. त्याहून मोठ्या नरांचं वाढ थांबल्यावर, ९ ते १५ महिन्यांत. मोठ्या माद्यांसाठी ५ ते १५ महिने इतकी ऐसपैस मुभा आहे, कारण दोन्ही बाजूंनी धोके आहेत.

यामागं सांध्यांचं कारण आहे. २०१३ मध्ये डेव्हिसच्याच संशोधकांनी गोल्डन रिट्रीव्हरमध्ये दाखवलं की वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत सांध्यांचे विकार जास्त होतात. २०२० मध्ये त्यांनी ३५ जाती तपासल्या. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड यांच्यात हा परिणाम दिसला, बहुतेक छोट्या जातींत दिसला नाही. सांधा दुखणारा कुत्रा चिडका होतो, म्हणजे फिरून हाही वागणुकीचाच मुद्दा.

आपले गावठी कुत्रे अंगानं मध्यम, त्यामुळे त्यांच्यात फार थांबायची गरज सहसा नसते.

मादीच्या बाबतीत खूप लांबवणंही परवडत नाही. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा सर्रास असतो. तिथल्या नोंदींत नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू होऊन आजारी पडला. वेळेत लक्षात आलं नाही तर यात मादी जाते.

ऑपरेशननंतर कुत्रा लठ्ठ आणि आळशी होतो?

लठ्ठ होतो तो खाण्यानं. अंगाची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी घटते आणि भूक मात्र वाढते. पूर्वीइतकंच वाढत राहिलात, वर आजीच्या हातची दूधपोळी आणि चहाबरोबरची ग्लुकोज बिस्किटं, तर सहा महिन्यांत कंबर दिसेनाशी होईल. मग तो चालताना धापा टाकतो आणि आपण म्हणतो, ऑपरेशननं आळशी झाला. ताटली पहिल्या आठवड्यापासूनच कमी करा आणि महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या काट्यावर उभा करा.

शेतावर राखणीला आहे. राखण करायचा थांबेल का?

नाही. राखण हार्मोनवर चालत नाही. उलट भाद्रपदात चार-चार दिवस गायब होणारा नर गोठ्यापाशी राहील, हा फायदाच.

ऑपरेशन झालं तरी पाहुण्यांच्या पायावर चढतो. ऑपरेशन फसलं का?

फसलेलं नसतं. चढणं हे फक्त मैथुनाचं लक्षण नाही. पाहुणे आले, कालवा झाला, काय करावं सुचेना की कुत्रे चढतात; नसबंदी झालेल्या माद्याही चढतात. हसू नका, ओरडू नका. दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत न्या आणि पाहुणे टेकल्यावर परत आणा.

वर्षाचा आहे, चपला फाडतो, अंगावर उड्या मारतो. यावर तरी उपयोग होईल?

होणार नाही, पण झाल्यासारखा वाटेल. कुत्र्याचं पोरवय दीड-दोन वर्षांनी आपसूक ओसरतं आणि ऑपरेशन बहुतेक घरांत त्याच सुमारास होतं. श्रेय ऑपरेशनला जातं. चपला कपाटात ठेवा आणि सकाळची फेरी वाढवा.

घरात दोन नर आहेत, सारखे भिडतात. कोणाचं करावं?

याला फोनवर उत्तर देता येत नाही, आणि जो देतो त्याचं ऐकू नका. भांडण कशावरून पेटतं, कोण आधी ताठ होतो, कोण नजर चुकवतो हे प्रत्यक्ष पाहावं लागतं. चुकीच्या कुत्र्याचं केलं तर जो आधीच बिचकून आहे तो आणखी बिचकतो. भांडण फक्त माजावरच्या मादीच्या वासानं पेटत असेल तर दोघांचंही केल्यानं फायदा होण्याची शक्यता चांगली.

ऑपरेशनऐवजी इंजेक्शन चालेल का?

मादीला माज येऊ नये म्हणून दिली जाणारी प्रोजेस्टेरॉनसारखी इंजेक्शनं स्वस्त असतात, आणि त्यांनी गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. माझं मत सरळ आहे: घेऊ नका. नरांसाठी परदेशात डेस्लोरेलिन नावाचं त्वचेखाली बसवायचं औषध वापरतात. त्याचा परिणाम सहा महिने किंवा वर्षभर टिकतो, मग ओसरतो. पहिले काही आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, हे लक्षात घ्यावं लागतं. भित्र्या नरात "ऑपरेशन केलं तर काय होईल" याची चाचणी घ्यायला हा मार्ग चांगला आहे. तुमच्या गावात मिळतं का ते डॉक्टरांनाच विचारा.

युरोपात म्हणे नसबंदी करत नाहीत. मग आपणच का?

नॉर्वेमध्ये सबळ कारणाशिवाय कुत्र्याची नसबंदी केली जात नाही, हे खरं आहे. पण तिथं रस्त्यावर मोकळी कुत्री नाहीत आणि मालक कुत्र्याला मोकाट सोडत नाही. आपल्याकडे फाटक उघडं राहिलं की पाच मिनिटांत काम होतं. तिथला सल्ला जसाच्या तसा इकडे आणता येत नाही. तुमचा नर फ्लॅटमध्ये राहत असेल, कधीच सुटा फिरत नसेल आणि त्याला काही त्रास नसेल, तर नसबंदी न करणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो.

सोसायटीतल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी झाली तर चावे कमी होतील का?

काही प्रमाणात हो, आणि कारण मजेशीर आहे. जयपूरमध्ये १९९४ पासून पद्धतशीर नसबंदी सुरू झाली आणि पुढं तिथल्या चाव्यांच्या नोंदी उतरल्या. चावे वर्षभर सारखे नव्हते, ते पिल्लांच्या हंगामाशी जुळत होते. आपल्याकडेही भटक्या माद्या मुख्यतः पावसाळा सरता सरता माजावर येतात आणि थंडीत व्यातात. जिन्याखाली पिल्लं असली की आई जवळून जाणाऱ्या पोराला फाडायला उठते. पिल्लंच नसतील तर हे चावे होत नाहीत. भाद्रपदातल्या झुंडी आणि रात्रीच्या मारामाऱ्याही कमी होतात. पण स्कूटरमागं धावणं, अनोळखी माणसावर भुंकणं याला नसबंदीचा इलाज नाही.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे आणि कुत्र्याला जिथून उचललं तिथंच परत सोडायचं असतं. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं रेबीज झालेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा याला अपवाद केला. ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा आवारातून उचललेली कुत्री तिथं परत सोडू नयेत असंही सांगितलं.

महापालिकेची गाडी बोलवाल तेव्हा अंगावर पिणारी पिल्लं असलेली मादी कोणती, हे आधी सांगा; तिला नेलं तर पिल्लं उपाशी मरतात. कानाला खाच असलेल्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते, त्याला पुन्हा पकडायला लावू नका. नसबंदीच्या वेळी रेबीजची लसही दिलेली असते, पण ती दरवर्षी द्यावी लागते, आणि खाचेवरून लस चालू आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी सोसायटीच्या रजिस्टरमध्ये कुत्र्याचा फोटो आणि लसीची तारीख लिहून ठेवा.